हाळी

माळ्यावर खुंटीला टांगलेलं लाकडी कडं,
बर्चच्या ढलप्या एकीत एक अडकवलेलं.
मागच्या ऑक्टोबरात बाबांनी त्यावर चोपडलेला फेस
आता वाळून जुन्या रंगाचा पोपडा झालाय.
आत्या ओस्ना ते दोन्ही हातांनी खाली आणते,
म्हणते, "यात किती जीव आहेत, कल्पना आहे तुला?"
आहे. बेर्गेनच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं
मी तेच मोजतेय.
पण सांगत नाही.

वॉसच्या वर, या उतारावर,
माणूस गेला की त्याच्या नावाची बिअर गाळायची असते,
आणि तीही त्याच्याच यीस्टची.
पहाटेपासून कढईत जुनिपरच्या फांद्या उकळताहेत,
माझ्या केसांना, स्वेटरला, पासपोर्टलासुद्धा
त्यांचा वास लागलाय.

एका नाताळात याच कढईशी बसून
बाबांनी विचारलं होतं,
"साखर आत जाते कुठून? भोक असतं का?"
भोक नसतं, बाबा. असतं तर पेशी सांडून गेली असती.
मी दोन्ही तळवे समोर धरले,
खाली जुळलेले, वर उघडे.
मग वर जुळवले, खाली उघडले.
साखर मध्ये सापडते, तिकडून सुटते.
दोन्हीकडून एकाच वेळी उघडं
कधीच नसतं.
"म्हणजे मेंढ्यांचं दुहेरी फाटक," बाबा म्हणाले.
नऊ वर्षं. तीन शब्द.

"आणि हे सगळं फुकट?"
ग्लुकोजला फुकट. बाहेर गर्दी, आत मोकळं,
ते उताराने आपसूक येतं.
माल्टोजचं तसं नाही.
पेशी आधी पदरची शक्ती खर्चून
प्रोटॉन बाहेर ढकलते,
ते परत यायला धडपडतात,
आणि येताना माल्टोजला हाताला धरून
आत आणतात.
"पोरांना बाहेर पिटाळायचं," बाबा हसले,
"आणि सांगायचं, पाहुणा घेतल्याशिवाय घरात यायचं नाही."

मग मी सांगितलं ते त्यांना आवडलं नसावं.
की ग्लुकोज आहे तोवर
पेशी माल्टोजची दारं ठेवतच नाही.
नुसती बंद करत नाही, आत ओढून मोडून टाकते.
सोपं गोड संपल्यावर
ती पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागतात,
त्याला वेळ लागतो.
बाबांनी कढईखाली एक लाकूड सारलं.
मी तेव्हा तीन वर्षांनी घरी आले होते.

आता रस कोमट झालाय.
आत्या कोपर बुडवून बघते, थर्मामीटर माझ्या खिशातच राहतो.
कडं बुडतं, तपकिरी पापुद्रे सुटतात,
आणि ती माझ्याकडे बघते.
यीस्ट टाकताना ओरडायचं असतं.
हाळी जितकी मोठी, तितकी बिअर तेज, असं म्हणतात.
या घरात ते काम बाबांचं.

मी तोंड उघडते.
काही येत नाही.
खाली तेही असंच असणार,
वर्षभर सुरकुतलेलं कातडं पाणी पितंय,
हळूहळू ताठ होतंय,
चहूबाजूंनी साखर, अगदी ओठाला लागून,
आणि ती अजून उपाशी.

"घाई नाही," आत्या म्हणते.
तिच्या कोपरावरून थेंब गळत राहतात.

मग आलं काहीतरी. हाळी म्हणवत नाही त्याला.
पलीकडच्या उतारावर एका मेंढीने मान वर केली,
आयलिफच्या कुत्र्याने दोनदा उत्तर दिलं.
"कमी पडली," आत्या म्हणाली,
आणि पिंपावर बाबांचीच गोधडी टाकली.

रात्री तीनला मी अनवाणी खाली गेले,
लाकडाला कान लावला.
बारीक, अगदी बारीक सळसळ,
कुणीतरी दूरच्या खोलीत कागद चुरगाळतंय तशी.
सोपी साखर चालली असेल. अजून ती नाही.
मी थांबले.

परवा फेस वर आला की
कडं पुन्हा त्यात बुडवून वाळवायचं,
पुढच्या वेळेसाठी.
पुढची वेळ कुणाची,
ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.