काटा

माझा काटा कोळंबी तोलतो, सुरमई तोलतो,
आणि बर्फाची लादी ठेवली
की बघता बघता पाव किलो पाण्यात सोडून देतो.
बावीस वर्षं सुरलबावच्या जेटीवर
त्याचं माझं असंच चाललंय.

गणपती आठ दिवसांवर.
हवालदार शिंगरे चपला हातात घेऊन पुळणीतून आले.
म्हणाले, वासूशेट, काटा घ्या. चार्ज आहे ना?
आधार कार्डही घ्या.

सुरूच्या बनात ताडपत्री अंथरलेली.
तिच्यावर पाकिटं, ओली, चिकटपट्टीत आवळलेली,
प्रत्येकावर छापलेला घोडा, मागचे पाय नसलेला,
पाण्यानं खाल्ले असावेत.
दर्या काय काय आणून टाकतो,
डांबराचे गोळे, एकेका पायाचे बूट,
एकदा अख्खा देवमासा, महिनाभर वास.
याचा वास वेगळा. साहेबांनी लिहून घेतला: उग्र.

ताटलीवरचे खवले मी नखानं खरवडले.
शून्य केलं.
एक किलो एकशे चाळीस.
एक किलो एकशे अडतीस.
एक किलो एकशे चाळीस.
आकडा दिसायच्या आधीच
माझं तोंड उघडत होतं.

परवा रात्री हाच घोडा
माझ्या बर्फाच्या खोलीत आला होता,
भाच्याच्या रेनकोटाखालून.
"मामानू, वजन करा. कसला ता इचारू नका."
मी विचारलं नाही.
केलं.
तो म्हणाला, बराबर हाय, तेवढाच सांगतात ते.
ते म्हणजे कोण, हेही विचारलं नाही.

ते म्हणजे एक नंबर, दर आठवड्याला बदलणारा.
एक पांढरी गाडी, वडापावला पाचशेची नोट देते,
सुट्टे घ्यायला थांबत नाही.
बारा वावांच्या पलीकडे एक जहाज, नावावर रंग फासलेलं.
सरकारनं बोटीवर बसवलेलं यंत्र
दोन तास बंद ठेवायचं,
जाळं मारल्यासारखं करायचं.
बँकेनं चार वर्षं फिरवलेले इंजिनाचे पैसे
त्या दोन तासांत.
त्या रात्री मात्र लांब कुठेतरी सर्चलाईट फिरला
आणि गोणी पाण्यात गेल्या.

तेवीस भरली.
चोविसावं दिलमानचं.
अछाम जिल्हा, नेपाळ. 'जलदेवी'वरचा खलाशी,
गेल्या मोसमाचा पगार अजून यायचा.
पहाटे खडपात बसायला गेला, तिथं सापडलं,
साबणाची वडी समजून खोलीवर नेलं.
एक कोपरा उघडा, त्यात दातांची खूण.
ताटलीत ते त्यानंच ठेवलं,
बाहीनं पुसून, अंडी ठेवावीत तसं.
एक किलो तीन.

शिंगरे हळूच म्हणाले,
किलोच्या वर गेलं. आता दहा वर्षं.

तीन ग्रॅम.
पट्टीसकट, भिजल्या कागदासकट, तीन दिवसांच्या खाऱ्या पाण्यासकट.
बर्फवाल्याला पाणी कळत नाही असं नाही.
उन्हात तासभर ठेवलं असतं तरी...
ताडपत्रीभोवती गाव जमलेलं,
त्यात भाचा, मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत.
त्याचा हात हलत नव्हता.

साहेबांनी विचारलं, बाकीचा माल कुठाय?
दिलमान म्हणाला, हुन्छ.
कोणासाठी काम करतोस?
हुन्छ.

मग ते वाचून झालं:
सदर पंचनामा आम्हां पंचांसमक्ष केला,
सदर इसमास मराठीत वाचून दाखविला,
त्यास तो समजला, बरोबर आहे.
त्याचा अंगठा. माझी सही.
वासुदेव धोंडू कालेकर, वय बावन्न, धंदा बर्फ व वजन.
शाई त्याच्या अंगठ्याला जास्त लागली होती,
त्यानं पुसायला माझ्याकडे फडकं मागितलं.
मी दिलं. माशाचं होतं.

भाच्याच्या बोटीला नवं इंजिन बसलंय.
आवाज वेगळा आहे, अंथरुणातूनही ओळखू येतो.
काल त्यानं मामीसाठी हलवा पाठवला, चांगला मोठा.

कोर्टाचं पत्र आलंय.
येताना काट्याचं प्रमाणपत्र आणावे.
ते आहे माझ्याकडे, लॅमिनेट केलेलं,
वजनमाप खात्याचा शिक्का, यंदाचाच.