तिसरी होडी

जयगडच्या धक्क्यावर, तवसाळची फेरीबोट लागेपर्यंत
गुलामनबी चाचांना पेपर मीच वाचून दाखवते.
डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत चाळीस वर्षांची इंजिनं,
म्हणून मोठ्याने. रांगेतली माणसंही ऐकतात.

आज: त्या सामुद्रधुनीत आणखी एक तेलाची बोट पेटली.
लंडनला काळजी वाटते.
पॅरिसला तीव्र काळजी वाटते.
वॉशिंग्टनने एक युद्धनौका वाढवली
आणि दोघांनाही सांगितलं, संयम पाळा.
आत सहाव्या पानावर, खत-बियाण्यांच्या जाहिरातीखाली,
दारूगोळ्याची नवी मागणी मंजूर.

"कोणाची मागणी?" चाचा विचारतात.
दोघांतल्या एकाची. दुसऱ्याला दुसरं कोणी देतं.
"आणि बोटीवर कोण हुतं?"
खलाशी एकवीस, विविध देशांचे.
एवढंच छापलंय.

विविध देशांतला एक सैतवड्याचा असू शकतो.
मुनाफ. इंजिनात तेल घालतो तसल्याच एका बोटीवर.
त्याची आई रुबीना रेंजसाठी इथे येते,
फोन उन्हात धरून उभी राहते, मासळी वाळत घालावी तशी.
शेवटचा निरोप गुरुवारचा: पंख्याचा आवाज, मग हसू,
"आई, हितं भात बरा, पन ढोमा नाय."
त्यानंतर तिने पाठवलेल्या सगळ्यांवर
एकच खूण. करडी.

लंडनात विम्याचा दर मात्र पहाटेच वाढला.
बातमी तिथे लवकर पोचते, पैशाच्या वाटेने.

चाचा बराच वेळ गप्प. मग खाडीच्या तोंडाकडे हात करून:
"हितंच. जाळ्यावरनं दोन होड्या भिडल्या,
काळबादेवीची एक, बोऱ्याची एक. रात्रीची.
तिसरी माझी.
डिझेल मी दोघांनाही दिलेलं, एकाला रोख, एकाला उधार.
भांडू नका रे, असं वरडलो पन.
मग दिवा मालवला.
दिवा असता तर साक्ष द्यावी लागली असती.

पाण्यातनं कोन तरी आयला हाक मारीत हुता.
हाकेवरनं गाव कळत नाय."

भोंगा वाजला. कोणी हललं नाही.

"तू शिकलेली. लिही त्या लंडनवाल्यांना," म्हणाले.
कागद नव्हता. तिकिटाच्या पाठीवर लिहायला घेतलं.
"डिझेल बंद कर. दिवा लाव. दोरी टाक,
आधी दोरी, मग इचार कुठला तू."

दोरखंड गुंडाळता गुंडाळता दिगंबर खवळला:
"आणि एकाने दुसऱ्याचं जाळं खरंच कापलं असेल तर?
दोघांना एकच बोल लावायचा?
काप खाल्लेल्यालाही सांगायचं, संयम पाळ?"

चाचांनी बिडी विझवली, जी पेटलेलीच नव्हती.
"मग म्हनायचं, कापलं.
नाव घेऊन म्हनायचं. आपला उधारीचा गिऱ्हाईक असला तरी.
माझा हुता."

हे लिहायला तिकिटावर जागा उरली नाही.
मी कडेने, आडवं, बारीक अक्षरात कोंबलं.

फेरीबोटीचं फाळकं सिमेंटवर आदळलं.
आधी मोटारसायकली, मग बर्फाचा टेम्पो, मग आम्ही.
दारातल्या पोराने सवयीने तिकीट अर्धं फाडलं,
त्याच्याकडचा अर्धा वाऱ्याने पाण्यात गेला.
माझ्याकडे उरलं: दिवा, आधी, नाव घे

आणि धक्का मागे सरत असताना दिसलेली रुबीना.
हात बदलला होता तिने, फोन तसाच वर.
चाचा तिच्या शेजारी उभे राहिलेले,
बघायचं कुठे ते कळत नसल्यासारखे,
समुद्राकडेच तोंड करून.