वर्गणी

वर्गणी आम्ही चर्चच्या छपराला देतो,
लाकडी फळ्या कुजून आत गळायला लागलं की.
एकदा एका शेजाऱ्याचं अख्खं घर
बैलांनी ओढून टेकडीपलीकडे नेलं,
तेव्हाही दिली होती, पोतंभर बटाटे.
पण मीच काढलेल्या फोटोला हात लावायचा
म्हणून दर महिन्याच्या चार तारखेला
कधी न पाहिलेल्या कुणाला तरी पैसे,
याला वर्गणी का म्हणतात, येर्को?

येर्को माझा भाचा. पुएर्तो मोन्तला शिकतो.
म्हणाला, मावशी, पूर्वी वस्तू विकायचे,
आता किल्ली भाड्यानं देतात.

त्या आठवड्यात वारा होता. फेरी बंद.
जुन्या कार्डाची तारीख उलटलेली,
नवं कार्ड पलीकडच्या किनाऱ्यावर, टपालाच्या पिशवीत,
आणि पडद्यावर एक फार नम्र चौकट:
आपली मुदत संपली आहे.
अकरा वर्षांची लग्नं, बाप्तिस्मे, शाळेतल्या रांगा
मिठाईवाल्याच्या काचेमागे ठेवल्यागत.
बघा. हात लावू नका.

नेमका तेव्हाच बेलार्मिनो गेला, होडीसकट.

एर्सिरा आली. शाल निथळत होती, म्हणून उंबऱ्यातच थांबली.
होडीची एक फळी सापडलीय, म्हणाली, तो नाही.
पेटी रिकामीच न्यायची.
वर ठेवायला निदान चेहरा तरी दे, उद्या सकाळपर्यंत.
त्याचा एकट्याचा फोटो तिच्याकडे नव्हता.
माझ्याकडे एक निघाला, पुतणीच्या लग्नातला,
चौदा माणसांच्या घोळक्यात, मागच्या ओळीत,
टाय वाकडा, हसू अजून पोचायचं होतं.

येर्कोनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तीन प्रोग्रॅम.
एक फुकट; चांगलं होतं म्हणे,
पण त्यात फोटो उघडायलाच मला पाऊण तास लागला.
एक इतकं जड की माझ्या संगणकाचा पंखा गुरगुरला
आणि सगळंच काळं झालं.
एक, पैसे एकदाच. पंधरा दिवस वापरा, मग ठरवा.
मला ठरवायला एक रात्र होती.

कोपऱ्यात बाबांचा एन्लार्जर उभा आहे.
दोन मेंढ्या देऊन घेतला होता.
मेंढ्या कुणी खाल्ल्या असतील, बाबाही गेले,
पण तो विकणारा म्हातारा
तिसरी मेंढी मागायला कधी आला नाही.

चुलीत लाकूड सारत रात्रभर माणसं पुसली.
नवरी पुसली. नवऱ्याचा बाप पुसला. बँडवाला.
जुन्या प्रोग्रॅममध्ये बोट आपोआप जायचं,
इथे परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तसं
एकेक डबा उघडून बघत होते.
पहाटे तीनला बेलार्मिनो एकटा उरला,
मागे राखाडी भिंत, मीच रंगवलेली,
आणि डाव्या खांद्यावर चार बोटं.
कुणाची, कळेना. मनगटाशी माणूस संपलेला.
ती बोटं उडवायचं हत्यार काही सापडलं नाही.
येर्को खुर्चीतच झोपला होता, तोंड उघडं टाकून.

सकाळी एर्सिराला म्हटलं, माफ कर, एवढं राहिलंय.
थोडा वेळ दिलास तर कातरीनं...
तिनं फोटो खिडकीशी नेला.
बराच वेळ बघितला.
मग स्वतःचा उजवा हात बाहेर काढला शालीतून,
नुसता काढला, बोलली नाही काही,
आणि फोटो कागदात गुंडाळून घेऊन गेली.

सोमवारी फेरी सुरू झाली, कार्ड आलं.
पहिल्यांदा ती चार तारीख रद्द केली;
खरंच जायचंय का, असं तीनदा विचारलं त्यांनी.
मग तेराव्या दिवशी ते एकदाच पैशांचं घेतलं,
एका कोकराच्या भावात.
त्याचा लांबलचक नंबर
एन्लार्जरच्या झाकणात आतून पेन्सिलीनं लिहिलाय.
येर्को म्हणतो, पाच वर्षांनी नवं निघेल, मावशी,
हे मग नव्या मशीनवर चालायचं नाही.
नसेल चालत. हे मशीन आहे ना.

हळूहळू कळतंय कुठल्या डब्यात काय ते.
बोटं उडवायचं तेवढं अजून शोधलेलं नाही.
असेल उजवीकडे, कुठल्यातरी यादीत.