छाट

गुरुवारी हत्तुरे सरांनी माझा डावा हात
उलटा करून पाहिला, भाजी निवडावी तसा.
तर्जनीच्या टोकाला तारेची चीर,
मधल्या बोटाला त्याहून खोल.
"किती दाबता वो राजमणीबाई," म्हणाले,
"तार आहे ती, चोर नाही."

मी काय सांगणार.
तीस वर्षं सुपापुढं बसलेली बोटं ही.
विडी घट्ट वळली तर ओढत नाही,
सैल वळली तर चेकर हसतो,
मधलं काय ते यांना अंधारातही कळतं.
पण विडी आपली.
सतार परक्याची.
भाडेकरू गेला चार महिन्यांचं भाडं बुडवून,
मागं ठेवून गेला हे भोपळ्याचं जनावर.
पोरगा म्हणाला, विकून टाक.
मी गवसणी काढली, एकदाच बोट लावलं,
आणि फळीवरल्या स्टीलच्या डब्यांनी
कान टवकारले.

शुक्रवारी कारखान्यात हजारात सदतीस छाट.
"काय वो मावशी, हात म्हातारा झाला का?"
चिरलेल्या बोटाला पानाची शीर लागत नाही,
आणि तंबाखूची भुकटी चिरेत गेली
की डोळ्यांत पाणी येतं.
तंबाखूनं आलं म्हणायचं.
खोटंही नाही ते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आठ दिवस हाताला आराम.
मी विचारलं, कुठल्या हाताला?
विडीच्या का सतारीच्या?
त्यांनी कागदावर नुसतं 'हात' लिहिलं होतं.

मग सतार भिंतीला टेकवून ठेवली,
तोंड भिंतीकडं करून.
हजार विड्यांना मात्र आराम नसतो.
रात्री मिठाच्या कढत पाण्यात हात,
लच्छव्वानं दिलेली हळद,
मनगटाला जुन्या साडीची पट्टी.
बाहेर बारा वाजताही भिंती तापलेल्या,
मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू,
खटक खटक, खटक खटक,
झोप येईना तशी मी तोंडातल्या तोंडात
त्याच्यावर दा रा बसवत गेले.
दा रा, दा रा.
माग मध्येच थांबला. धागा तुटला असणार.
मीही थांबले,
तो जोडून होईपर्यंत.

दिवसा सुपाचा काठ हा पडदा,
पुढची वीण हा पुढचा पडदा.
दोन कट्ट्यांच्या मध्ये बोट नुसतं ठेवायचं,
दाबायचं नाही, ठेवायचं.
लावण्या पानं कातरता कातरता बघते,
विचारत नाही. शहाणी आहे.

सहाव्या रात्री गोणपाटात पानं भिजवून ठेवताना
हात तसाच राहिला पाण्यात.
कोरडं पान मोडतं, भिजलेलं वळतं.
हे मी सगळ्या गल्लीतल्या पोरींना शिकवलं,
माझ्याच बोटांना सांगायचं
राहून गेलं होतं.

नवव्या दिवशी सतार फिरवून घेतली.
बोटाला खोबरेल, नखी उजवीकडं,
आणि डावं बोट तारेवर इतकंच,
पहिली विडी वळणाऱ्या पोरीचा हात
आपण वरून धरतो ना, इतकंच.
'रे'वरून तार ओढली.
'ग' आला नाही.
अलीकडंच कुठंतरी रेंगाळला,
दारात उभ्या पाहुण्यासारखा,
आत ये म्हटलं तरी लाजत.
दुखलं. म्हणजे दुखतंच आहे,
अंगठ्याच्या मुळाशी, पहाटे जास्त.
सर म्हणतात जाईल. लच्छव्वा म्हणते
जाणार नाही, पण ओळखीचं होईल.

या शुक्रवारी एकोणीस छाट.
चेकर काही बोलला नाही.

घरी आले, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खाल्ली,
हात धुतले, दोनदा, वास काही जात नाही,
आणि बसले.
इथं मोजायला कुणी नाही. मीच चेकर.
बेसूर तेवढं बाजूला काढायचं म्हणून
एकेक मींड उचलून बघते,
ही आखूड,
हिचं तोंड मिटलेलं नाही,
ही मधेच फुटली.

एकही टाकवत नाही.