उत्तरदाता क्रमांक तेवीस

प्रश्नावलीत नाव लिहायचं नसतं.
सरांनी शिकवलंय : माणूस म्हणजे क्रमांक,
गाव म्हणजे नमुना,
आणि आपण तर नसतोच तिथं.
म्हणून तलावाच्या पारीवर बसलेली ती बाई
तेवीस.
माझी आई.

फॉर्मला चिखल लागू नये म्हणून
मी खाली चुंगडी अंथरली.
तिनं ती उचलली, झटकली, टोपल्यावर झाकली.
"हे मासोरीसाठी असते, बाई."

मुख्य व्यवसाय?
"तुले म्हाईत नाही का?"
मला माहीत आहे,
पण माहीत नाही असं धरायचं असतं.
ती हसली. पैकूकाकाही हसला, जाळं विणता विणता.
मग पदर सारखा करून
जणू मी भंडाऱ्याहून आलेली कुणी मॅडम,
ती सांगू लागली :
चैतात मोहफुलं, आखाडात दुसऱ्याच्या बांधीत रोवणा,
पाणी उतरलं की गाळात हात घालून मासे,
थंडीत कमळाचे ढेस,
गुरुवारी बाजार, सहा कोस, टोपलं डोक्यावर,
परत येताना त्याच टोपल्यात तांदूळ,
आणि एकदा, तापानं फणफणलेली तू.
चौकट एकच होती.
मी लिहिलं, "इतर".
माझ्या बारावीपर्यंतची फी
ज्यातून भरली, ते इतर.

पुस्तकात कोतरी एक आहे,
लॅटिन नावासकट, तिरप्या अक्षरात.
आईच्या कोतऱ्या तीन.
एक बाळंतिणीची,
एक वाळवायची,
एक गाद कुजली की कडू लागणारी.
"तुमच्या पुस्तकवाल्यानं खाल्ली नसन," ती म्हणाली.
मी समासात तीन रेघा ओढल्या, पेन्सिलनं,
खोडता येतील अशा.

शेवटचा रकाना, स्थिती :
आढळते. दुर्मीळ. नामशेष.
दाडक आढळते. शिंगूर आढळतो.
वाघूर दुर्मीळ.
वाडीसपुढे मी तिसरी खूण केली,
सोळा वर्षांत कुणाच्याच जाळ्यात नाही.
"का लिवलंस?"
संपली, म्हणून.
"संपली मनून कोनं सांगतलं?
सोसायटीनं गवतखाऊ बीज सोडलं,
त्यानं देवधान खाल्लं, चिला खाल्ला,
काठानं सारा बेशरम माजला.
बिनपाळण्याच्या घरात अंडे कोटी घालन ते?
आली नाही, असं लिव.
संपली नोको लिवू."

"आली नाही" असा रकाना नव्हता.
मी खूण खोडली. कागद फाटला थोडा.
सरांनी लाल पेनानं विचारलं : रिकामं का?
मी उत्तर दिलं नाही,
तेही रिकामं राहिलं.

त्या जेठात बाराजणी तलावात उतरल्या.
बेशरम मुळासकट उपटला, हाताला फोड येईस्तोवर.
शेजारच्या बोडीतून देवधानाची रोपं आणली
ओल्या लुगड्यात गुंडाळून.
मी काठावर मीटर टेप धरून,
चौरस आखत, दोऱ्या बांधत,
"जरा डावीकडे" म्हणत.
"तूच ये ना आत," तेवीस म्हणाली.
गेले. त्या दिवसाच्या नोंदी नाहीत.

तिसऱ्या वर्षी, कार्तिकात,
सकाळी ओंजळभर पाण्यात
तिनं एक मासा आणला, बोटाएवढा,
शेपटाशी किंचित पिवळा.
माझं हृदय घशात.
वही उघडली, तारीख घातली,
"वा" लिहूनही झालं.

तिनं ओंजळ उन्हाकडे कलती केली.
खालून पाहिलं. बाजूनं पाहिलं.
बराच वेळ.
बाकीच्या अकराजणीही वाकून पाहत होत्या,
आणि त्यातल्या कुणीच म्हटलं असतं, हो,
तर मी लिहून टाकलं असतं.

"नोहोय," ती म्हणाली.
"तिची बहीण असन लहान.
घाई नोको करू."

आणि मोजायच्या आतच
ओंजळ उघडली.