एकशे बारावं पान

हेमिंगुर मेंढपाळ. सत्तरी ओलांडलेला.
आमच्या बेटावर आभाळ गळायचं थांबतच नाही,
छपरांवर गवत उगवतं, गवतात पाणी मुरतं.
वाचनालय म्हणजे शाळेमागची एक खोली,
मंगळवारी आणि गुरुवारी उघडी.
मी शिक्के मारते.

हिवाळ्यात बोटी बंद पडल्या, तेव्हा तो आला.
"जाडजूड काहीतरी दे. वादळ मुक्कामाला आलंय."
हाताला लागली ती वाळवंटातली कादंबरी दिली,
कुठल्याशा लांबच्या भाषेतून फेरोईत आलेली.
तिच्यातली बाई दोन कोस चालून विहिरीवर जाते,
बादली तळाला आपटते, कोरडी,
आणि ती तिथेच बसते.
पुढची तीन पानं नुसती बसूनच.

"कंटाळवाणी आहे," गुरुवारी तो सांगून गेला.
पुस्तक मात्र आणलं नव्हतं.

त्याची बायको सुन्वा दुकानात म्हणाली,
भांडी विसळताना मागून येतो न् नळ बंद करतो.
बाहेर पन्हाळी ओसंडताहेत,
आणि हा मला म्हणतो, एवढं सोडू नकोस.

पुस्तक परत आलं, तेव्हा
एकशे बाराव्या पानात लोकरीचा धागा होता.
मी तो काढला नाही.

मासळीच्या कारखान्यात मालिवन आहे, थायलंडची.
लग्न होऊन इथं आली त्याला अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षांत हेमिंगुर तिच्याशी
बोलला असेल तो वाऱ्याविषयी.
पोस्टाच्या रांगेत त्यानं घसा खाकरला,
टोपी काढून हातात घेतली:
"तुमच्याकडे विहीर किती लांब असते?"
ती अशी हसली, की पोस्टातल्या बाईचा
शिक्का हवेतच राहिला.
"आमच्याकडे? पाणीच घरात येतं!
शाळेत होडीनं जायचो आम्ही. दप्तर डोक्यावर."
त्याचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे झाले.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा दारात,
चिखलाचे बूट बाहेर काढून, मोज्यांवर.
"पुराचं एखादं आहे का? तिच्याकडचं?"
नव्हतं. चारशे पुस्तकं,
त्यातली निम्मी माशांची नि बुडालेल्या जहाजांची.
मी राजधानीला पत्र टाकलं.

त्याच संध्याकाळी मालिवन आली,
बाहीला खवले चिकटलेले.
"म्हातारा मला कोण समजला, ते बघायचंय."
आणि वाळवंट काखेत मारून गेली.

मुदत संपून आता तीन आठवडे झाले.
दंडाची चिठ्ठी लिहिली, ती खणातच आहे.
काल धक्क्यावर दोघं भांडत होती,
पाऊस आडवा, छत्री कुणाकडेच नाही:
उरलेलं ओंजळभर पाणी त्या बाईनं
शेळीला का पाजलं, वाटसरूला का नाही.
तो शेळीच्या बाजूनं.
"शेळी तुला ओळखीची, म्हणून," ती ओरडली.
"एकशे बारावं पान पुन्हा वाच!"
"वाचू कसं?" तो म्हणाला,
"पुस्तक तुझ्याकडे आहे."