ओटा नसलेली खोली

गुरुवारी रात्री, जेवणं उरकल्यावर,
टेबलावर ताकाचे गोल डाग तसेच असताना
हेरंबने फोन मधोमध ठेवला आणि म्हणाला,
शनिवार-रविवार. एकच रात्र.
सोमवारी कैवल्यची चाचणी आहे.
लांब नको, महाग नको,
आणि आईचा गुडघा.

शर्वरीला तलाव हवा, पोहण्याचा, निळा.
कैवल्यला वायफाय, आणि कुणी गाणी लावत नाही असं काहीतरी.
हेरंबला नाश्ता भाड्यातच धरलेला,
गाडीला सावली.
आईंनी विचारलं, संडास कसा आहे?
मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

मला कुणी विचारलं नाही असं नाही.
विचारलं. मी म्हटलं, मला काय, कुठेही.
हे वाक्य मी इतकं वापरलंय
की त्याची धार गेलीय,
आजेसासूंच्या विळीसारखी.

फोटो सरकत राहिले.
पलंगावर टॉवेलांचे हंस.
एका खिडकीतून समुद्र, म्हणजे
दोन इमारतींच्या फटीत बोटभर निळसर.
विमानतळाजवळचं एक बरं होतं.
मुंबईत राहून मुंबईतच राहायला जायचं? शर्वरी म्हणाली.
आपण मुलुंडचे, हेरंब म्हणाला,
आपल्याला अंधेरी परदेशच.

मग आलं मढचं घर.
तळमजला, अंगण, नारळाला बांधलेला झोका,
आणि खाली ठळक अक्षरांत: सुसज्ज स्वयंपाकघर.
गॅस, मिक्सर, दोन कुकर, भांडी सगळी.
हेरंब खूश. हे बेस्ट आहे.
सकाळी पोहे घरच्यासारखे करता येतील,
हजारभर रुपये वाचतील.

करता येतील.
मराठीत कर्ता असा लपवता येतो,
दाराआडच्या केरसुणीसारखा.

मी तोवर मनात पिशवी भरायला घेतली होती.
चहापूड, साखर, आल्याचा तुकडा,
पोहे निवडून, दाणे वेगळे, मोहरीची पुडी,
गाळणं आपलंच बरं, तिथलं कसलं असेल कोण जाणे.
पिशवीला गाठ मारली तेव्हा
आई बोलल्या.

नको ते.

अगं का, तळमजला आहे, तुझ्यासाठीच तर.
नको म्हटलं ना. जिथे ओटा नाही तिथे जाऊ.
आणि कुणी हसायच्या आत
ताकाचा एक डाग बोटाने पुसत म्हणाल्या,
बावन्न वर्षं झाली.
ओटा नसलेली खोली
एकदा बघायचीय मला.

माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या.
गरज नव्हती.

शेवटी मनोरी. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने,
आईंचा हात दोन अनोळखी पोरांनी धरला.
तलाव नाही. शर्वरी दीड तास रुसली,
नंतर किनाऱ्यावर एक खेकडा सापडला म्हणून विसरली.
मिसेस क्रियाडोंची बाहेरची खोली,
पाच माणसांना चार पलंग आणि एक गादी,
संडास बरा.
फोनवर मी त्यांना शेवटचं विचारलं होतं, स्वयंपाकघर?
त्या ओशाळल्या.
नाही हो बाय, तेवढी सोय नाय आमच्याकडं.
राहू द्या, राहू द्या, मी म्हटलं
आणि आवाजातला आनंद झाकायला
उगाच खोकले.

रविवारी पहाटे साडेपाचला
डोळा उघडलाच, सवयीचा.
भिंतीपलीकडे कुणीतरी भांडं ठेवलं,
काडी ओढली,
दूध उतू जाईल ही काळजी आता
त्या भिंतीपलीकडची.
शेजारच्या पलंगावर आई, छताकडे टक लावून.
उठलीस? त्या कुजबुजल्या.
नाही, मी म्हटलं.
मी पण नाही, त्या म्हणाल्या,
आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.